काळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे

गावोगावी आता कॉम्प्युटर आले आहेत. ग्रामपंचायतीत आहेत, शाळेत आहेत, वाचनालयात आहेत. त्यांतले कितीतरी आता जुने झाले. विंडोज १० नावाच्या प्रणालीला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या पुढची विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालत नाही. मग चालते यंत्र भंगारात घालायचे काय?

मुळीच नाही. त्याच यंत्रावर दुसरी प्रणाली बसवता येते.

प्रणाली म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. वाड्यातला कारभारी कोणता माल कुठे ठेवायचा, कोणत्या गड्याला कोणते काम द्यायचे, ते पाहतो. तसेच काम प्रणाली यंत्रात करते. १९९१ साली फिनलंड देशात लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने अशा एका कारभाऱ्याचा गाभा लिहिला. त्याचे नाव लिनक्स. या गाभ्यावर डेबियन नावाची पूर्ण प्रणाली उभी राहिली. तिचे काम १९९३ साली इयान मरडॉक यांनी सुरू केले. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात आणि ती फुकट मिळते. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवरूनच बॉस नावाची प्रणाली तयार केली आहे.

आता आपण एक उदाहरण घेऊ. बचतगटाच्या यंत्रावर कोणीतरी डेबियन बसवून दिली. दुसऱ्या दिवशी हिशेब लिहिणाऱ्या आत्यांनी बटण दाबले. पडदा काळाच राहिला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी. चित्र नाही, माऊसचा बाण नाही. आत्या घाबरल्या. म्हणाल्या, "गेलं की रे यंत्र! आता दुरुस्तीला पैसे कुठून आणू?"

पण यंत्र गेलेले नाही. ते जागे आहे आणि आत्यांची वाट पाहत आहे.

असे का होते? रंगीत पडदा, त्यावरची लहान लहान चित्रे, माऊसचा बाण, या सगळ्याला डेस्कटॉप म्हणतात. डेबियनमध्ये कारभारी वेगळा आणि डेस्कटॉप वेगळा. कारभारी आत काम करतो. डेस्कटॉप म्हणजे बाहेर मांडलेली बैठक. बैठक मांडलेली नसली तरी कारभारी कामावर असतोच. आपण त्याला अक्षरांनी हुकूम द्यायचा, एवढेच.

हुकूम कसा द्यायचा ते पाहू.

पहिली गोष्ट. पडद्यावर 'लॉगिन' असा इंग्रजी शब्द दिसतो. म्हणजे यंत्र विचारते, "कोण आलंय?" प्रणाली बसवताना जे नाव दिले असेल, तेच कीबोर्डवर लिहावे आणि एंटरचे बटण दाबावे. इंग्रजीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे असतात. यंत्राला ती वेगळी वाटतात. म्हणून जसे ठरले तसेच लिहावे.

दुसरी गोष्ट. मग यंत्र पासवर्ड मागते. इथे नवा माणूस हमखास अडतो. बोटाने बटणे दाबली तरी पडद्यावर काहीच उमटत नाही. अक्षर नाही, ठिपकाही नाही. त्याला वाटते, कीबोर्ड बिघडला. तसे नाही. शेजारी उभ्या असलेल्याला पासवर्डाची अक्षरे मोजतासुद्धा येऊ नयेत, म्हणून मुद्दामच ही सोय केली आहे. न घाबरता पूर्ण पासवर्ड लिहावा आणि एंटर दाबावे. चुकले तर यंत्र पुन्हा विचारते.

तिसरी गोष्ट. नाव-पासवर्ड जुळले, की ओळीच्या शेवटी डॉलरची खूण दिसते. तिचा अर्थ, "हुकूम सांगा." तिथे 'स्टार्टएक्स' हा शब्द लिहावा. एस, टी, ए, आर, टी, एक्स, अशी सहा अक्षरे. सगळी लहान, एकमेकांना जोडून. मग एंटर. 'स्टार्ट' म्हणजे सुरू कर. 'एक्स' हे पडद्यावर खिडक्या आणि चित्रे काढणाऱ्या कार्यक्रमाचे नाव. तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली तयार होऊ लागला. म्हणजे पुष्कळ जुना गडी आहे.

डेस्कटॉप यंत्रात असेल, तर पडदा क्षणभर चमकेल आणि चित्रे दिसू लागतील.

नसेल, तर यंत्र इंग्रजीत उत्तर देईल, की असा हुकूम सापडला नाही. हाही बिघाड नव्हे. प्रणाली बसवताना 'काय काय हवे?' असा प्रश्न येतो. तिथे डेस्कटॉपपुढची खूण राहून गेली असेल. तेव्हा डेस्कटॉप नंतर आणावा लागतो. त्यासाठी इंटरनेट लागते. जुन्या यंत्राला एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप बरा. तो आणण्याचा हुकूम असा: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप'. हा जाणत्या माणसाकडून इंग्रजी अक्षरांत कागदावर उतरवून घ्यावा. 'सुडो' म्हणजे मालकाच्या अधिकाराने. ज्याच्या नावाला तो अधिकार दिला असेल, त्याचाच हुकूम यंत्र मानते. ते पुन्हा पासवर्ड मागेल, आणि तोही दिसणार नाही. पुढे ओळीमागून ओळी धावतील. त्या थांबेपर्यंत यंत्र बंद करू नये. काम झाले की यंत्र पुन्हा सुरू करावे. आता नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट चित्राच्या पडद्यावरच येईल. 'स्टार्टएक्स' लिहिण्याची गरज उरणार नाही.

डेस्कटॉप आला, की वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहावे. तिथे 'ॲप्लिकेशन्स' लिहिलेले असते. त्यावर माऊस दाबला की कामांची यादी उघडते. यंत्र बंद करायचे तेही याच यादीतून, 'लॉग आउट'मध्ये जाऊन 'शट डाउन' निवडून. तारेचे बटण एकदम बंद केले तर लिहिलेला हिशेब बिघडू शकतो.

एक गोष्ट मात्र फार जपावी. नवी प्रणाली सबंध यंत्रावर बसवली, की आतले जुने सगळे पुसले जाते. हिशेब जातात, फोटो जातात. म्हणून बसवण्याआधी ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि पेनड्राइव्ह उघडून खात्री करावी. काळा पडदा पाहून कोणी म्हणाला, "सगळं पुसून पुन्हा बसवतो," तर त्याला थांबवावे. डेस्कटॉप सुरू करण्यासाठी काहीही पुसावे लागत नाही.

आणि जे शिकवतात त्यांना आमचे एक सांगणे आहे. शिकणाऱ्याच्या हातून माऊस ओढून घेऊ नका. तुम्ही भराभर करून दाखवलेत, तर काम होईल, पण आत्या उद्या पुन्हा अडतील. त्यांच्या बोटांनीच बटणे दाबू द्या. उशीर लागला तर लागू द्या. तुम्ही शेजारी बसून नुसते सांगा. अक्षर गिरवायलाही आपण असेच शिकलो, नाही का?

विचार करून सांगा:
१. पासवर्ड लिहिताना तो पडद्यावर का दिसत नाही?
२. काळा पडदा आला, तर पहिल्यांदा काय करावे?
३. नवी प्रणाली बसवण्याआधी कोणती काळजी घ्यावी?