परमुलखातला रोजचा दिवस

धुळे तालुक्यातील एका गावी मध्यंतरी लग्नानिमित्त दोन दिवस राहण्याचा योग आला. यजमानांचा धाकटा मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेत नोकरीला लागलेला. रात्री जेवणे आटोपल्यावर त्याचा फोन आला, आणि तो तिकडचे रस्ते, पूल, गगनाला भिडलेल्या इमारती एकेक करून दाखवू लागला. आम्ही सारे माना पुढे काढून पाहत होतो. भिंतीशी टेकून बसलेल्या त्याच्या आजीने मात्र एकच प्रश्न विचारला, "तठे भाकर भेटस का?" सगळे हसले. मुलगाही हसला, पण लगेच गप्प झाला आणि म्हणाला, "नही ना, आजी."

श्रोतेहो, त्या म्हातारीचा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटला. परका मुलूख पाहणे निराळे आणि तेथे रोज उठून राहणे निराळे. पाहणाऱ्याला मनोरे दिसतात. राहणाऱ्याला चूल, पाणी, नेसण, थंडी आणि शेजार ह्यांच्याशी गाठ घालावी लागते. आज अमेरिकेत मराठी माणसांची हजारो घरे आहेत. पण ह्या गोष्टींशी गाठ पडलेल्या पहिल्या मराठी माणसांत दोन बायका होत्या, आणि दोघींचेही शहर एकच होते, फिलाडेल्फिया. एक डॉ. आनंदीबाई जोशी आणि दुसऱ्या पंडिता रमाबाई. दोघींची नावे आपल्या शाळांतून मुलांना सांगितली जातात. आनंदीबाई पहिली स्त्री डॉक्टर, एवढे वाक्य पाठ करून मुले मोकळी होतात. आज आपण त्यांचे मोठेपण बाजूला ठेवू आणि त्यांचा तिथला रोजचा दिवस कसा जात असेल तेवढेच पाहू.

आधी शहर कसे होते ते सांगतो. १८८० च्या शिरगणतीत फिलाडेल्फियाची वस्ती सुमारे साडेआठ लाख होती. न्यूयॉर्कच्या खालोखाल अमेरिकेतले हेच मोठे शहर. पुढल्याच वर्षी आपल्या मुंबईची गणती झाली, ती पावणेआठ लाखांच्या आसपास भरली. म्हणजे माणसांच्या गर्दीने ह्या दोघींनी बिचकावे असे तेथे काही नव्हते. निराळी होती ती शहराची मांडणी. विल्यम पेन ह्याने १६८२ साली हे गाव आखले ते सोंगट्यांच्या पटासारखे. उभ्या रस्त्यांना आकडे, आडव्या रस्त्यांना अक्रोड, पाइन असली झाडांची नावे. आपल्याकडे पत्ता विचारला तर मारुतीचे देऊळ, पुढे पार, पाराच्या उजव्या हाताला तेल्याचे घर, असा सांगतात. तिथे आकडा आणि झाड सांगितले की घर सापडते. रस्त्याला लागून विटांची एकासारखी एक घरे, दारापुढे पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या, आणि त्या पायऱ्या घासून लखलखीत ठेवण्याचा बायकांना मोठा अभिमान. रस्त्यांतून घोड्यांच्या ट्रामगाड्या चालत. वानामेकर नावाच्या व्यापाऱ्याच्या प्रचंड दुकानात प्रत्येक जिनसेवर भावाची चिठ्ठी लावलेली असे. घासाघीस नाही, आणि माल पसंत पडला नाही तर पैसे परत. आपल्या आठवडे बाजारात वाढलेल्या माणसाला हे पहिल्याने चुकल्यासारखेच वाटायचे. भाव पाडल्याशिवाय खरेदी झाली असे आपल्या मनाला वाटतच नाही!

जळगावकरांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. १८७६ साली ह्याच शहरात मोठे प्रदर्शन भरले होते. बेलसाहेबांचा टेलिफोन लोकांनी तेथे पाहिला. त्याच प्रदर्शनात केळी चकचकीत वर्खात गुंडाळून दहा सेंटला एक अशी विकली, असे सांगतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याने हा भाव ऐकून हळहळू नये.

आता आनंदीबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले. यजमान गोपाळराव पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. वैद्य हवा होता तो मिळाला नाही, ही रुखरुख त्यांच्या मनात कायमची बसली. बायकोला शिकवायचे म्हणून गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या; तेथे ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी पत्र लिहिले, उत्तर गेले, आणि न पाहिलेल्या दोन बायकांत मावशी-भाचीचे नाते जडले. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा ही मावशी धक्क्यावर हजर होती. वय अठरा, आणि बरोबर घरचे कोणी नाही.

पहिले काही महिने त्या रोझेलला मावशीच्या घरी राहिल्या. हे लहानसे गाव, पण त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनच्या मंडळींनी तेथे खांबांवरून तारा टाकून विजेचे दिवे लावले होते. अशा रीतीने उजळलेले ते पहिलेच गाव. आपल्याकडच्या पुष्कळ खेड्यांत कंदिलाची काच पुसणे हे मुलांचे संध्याकाळचे काम त्यानंतर सत्तर-पाऊणशे वर्षे चालू होते. हे दिवे पाहून ती मुलगी चकित झाली असेल. पण दिव्याची सवय दोन दिवसांत होते. अंगावरच्या कपड्याची आणि ताटातल्या अन्नाची तशी होत नाही.

नऊवारी लुगड्याचेच घ्या. कासोटा घातला की पोटरी उघडी राहते. आपल्याकडे शेतात निंदणाऱ्या बाईपासून वाड्यातल्या बाईपर्यंत कोणाला त्यात वावगे दिसत नाही. फिलाडेल्फियातल्या बायकांचे झगे घोट्यापर्यंत. पाय दिसणे म्हणजे असभ्यपणा. त्याच बायका कमरेला घट्ट पट्टे आवळून श्वास कोंडून घेत, त्याचे मात्र कोणाला काही वाटत नसे. लाज कोठे असते हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो. आनंदीबाईंनी विचार करून गुजराती पद्धतीने गोल पातळ नेसायला घेतले. त्याने पाय झाकले जातात आणि थोडी ऊबही राहते. झगा त्यांनी स्वीकारला नाही. घरी पत्राने हे कळवताना केवढा संकोच पडला असेल! कारण गोपाळराव मोठे सुधारक खरे, पण बायकोने काय नेसावे ह्याविषयी त्यांची मते ठाम असत आणि ती बदलतही असत. पत्र जायला महिन्याहून अधिक, उत्तर यायला तितकेच. तोवर नेसायचे काय, हे रोज सकाळी एकटीने ठरवायचे.

ऑक्टोबरमध्ये त्या फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८५० साली निघालेली ही संस्था. तिच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली ह्यांनी ह्या परक्या मुलीवर माया केली. अभ्यास जड होता, पण अभ्यासाने त्या खचल्या नाहीत. खचवले ते खोलीने. जानेवारीत धुळ्या-जळगावाकडे पहाटे दात वाजतात, आपण शेकोटीभोवती बसतो आणि नऊ वाजता ऊन आले की थंडी विसरतो. तेथे पाणी गोठते, आणि बर्फ कित्येक दिवस रस्त्यावर पडून असते. माणूस घरातल्या विस्तवावर जगतो. पेनसिल्व्हानियाचा दगडी कोळसा उत्तम, पण तो कठीण जातीचा. धुराड्याला चांगली ओढ असेल तरच नीट पेटतो. आनंदीबाईंच्या वाट्याला आलेल्या खोलीचे धुराडे नीट ओढत नव्हते. विस्तव लावावा तर धूर कोंडतो, न लावावा तर थंडी. वाचकांतल्या बायाबापड्यांना ओल्या लाकडांची चूल ठाऊक आहे. धुराने डोळे चोळणे म्हणजे काय हे त्यांना वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की आपण उठून अंगणात येतो. तेथे अंगणात बर्फ.

आणि मग ताट. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही. कल्याणकडच्या त्या, त्यांचे पोट भाताचे. बोलीप्रमाणे धर्मही सांभाळायचा होता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्या निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भर सभेत सांगून आल्या होत्या. (हे श्रीरामपूर बंगालमधले बरे, नगरकडचे नव्हे.) हिवाळ्यात त्या बाजारात बटाटा, कोबी, सफरचंद असल्या टिकाऊ जिनसा मिळायच्या, मेथी-पालकाची जुडी कोठून येणार? दिवसभर वर्गात आणि रुग्णालयात उभे राहून आल्यावर स्वतःच्या हाताने शिजवायचे. आजीबाईंचा प्रश्न येथे पुन्हा आठवतो. भाकरी मिळते का, ह्याचे उत्तर ह्या मुलीच्या बाबतीत तीन वर्षे 'नाही' असेच होते, आणि ते तिच्या शरीराने भरले.

पाण्याचीही गंमत ऐका. नळ फिरवला की पाणी, हे त्या शहराचे मोठे कौतुक. पण ते पाणी स्कूलकिल नदीतून उपसून न गाळताच नळात सोडलेले असे, आणि शहरात विषमज्वर घर करून होता. पाणी गाळण्याची मोठी यंत्रणा विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. तेव्हा परदेश म्हणजे सगळे स्वच्छ आणि आपला देश म्हणजे सगळे घाण, असे समजणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. त्यांनी चूक ओळखून खर्च केला आणि सुधारणा केली, हे शिकण्यासारखे. नळ पाहून भुलणे हे नव्हे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, आणि मुद्दाम इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा ठरली होती. पण शरीर आतून पोखरले गेले होते. क्षयाचा जंतू जर्मनीतील रॉबर्ट कॉक ह्यांनी १८८२ मध्येच शोधून काढला होता, पण त्यावरचे औषध यायला साठ वर्षे अवकाश होता. रोग थंडीने झाला असे आज कोणी डॉक्टर म्हणणार नाही; जंतूशिवाय क्षय होत नाही. मात्र धूर, गारठा आणि अपुरे अन्न ह्यांनी अंगातली ताकद कमी होते आणि रोगाला वाट मिळते, हे खरे. आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावी, त्या मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे.

रमाबाई आल्या होत्या त्या थोड्या दिवसांसाठी, पण जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांचा पिंडच वेगळा. लहानपणापासून आईबापांबरोबर देशभर पायी हिंडलेल्या, दुष्काळात आईबाप गमावलेल्या, संस्कृतच्या पंडिता, ऐन पंचविशीच्या आत विधवा. परक्या ठिकाणी कसे राहायचे हे त्यांना शिकवावे लागले नाही. तोपर्यंत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तरी मांसाहार केला नाही. त्यांनी त्या देशाचा रोजचा दिवस पाहिला तो आपल्या देशातील बायकांसाठी काय उचलून नेता येईल, ह्या नजरेने. परतल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक छापले. त्यात बायकांच्या स्थितीवर त्यांनी विस्ताराने लिहिले: त्या शिकतात, शिकवतात, नोकऱ्या करतात, आणि मंडळ्या काढून वर्गणीच्या बळावर मोठी कामे उभी करतात. कौतुक पुष्कळ आहे, पण डोळे झाकून नाही. काळ्या लोकांना त्या देशात मिळणारी वागणूकही त्यांनी नजरेआड केली नाही. जातीची झळ ओळखणाऱ्या माणसाला ती दुसऱ्याच्या घरातही ओळखू येते.

शिक्षकांना सांगण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. फिलाडेल्फियात जर्मनटाउन नावाचे ठिकाण आहे. १६८३ पासून तेथे जर्मन लोक येऊन राहिले. अमेरिकेत जर्मनांची वस्ती अशी जुनी, आणि एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मनांनी आपल्या देशाची एक वस्तू बरोबर आणली, ती म्हणजे फ्रोबेलची बालोद्यान पद्धत. चेंडू, ठोकळे, काड्या, माती, गाणी आणि बाग ह्यांतून लहान मुलाने शिकावे, छडीने नव्हे. खुद्द प्रशियाच्या सरकारने १८५१ साली ह्या शाळांवर बंदी घातली होती. घरी नाकारलेली चीज परदेशी रुजली. रमाबाईंनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात ह्या पद्धतीच्या शिक्षणवर्गात नाव घातले. एवढी मोठी विदुषी, व्याख्यानांना शेकडो लोक जमतात, आणि ती लहान मुलांचे ठोकळे कसे मांडावेत हे शिकत बसली आहे! त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, त्याच्या विक्रीतून पैसा आला. त्याच वर्षी बोस्टनच्या लोकांनी त्यांच्या नावाची मंडळी काढून दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले.

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईस उतरल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांनी विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी. सदन उघडले तो दिवस ११ मार्चचा. तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला, दूर फिलाडेल्फियात, रमाबाईंनी आनंदीबाईंना पातळ नेसून पदवी घेताना पाहिले होते.