पिनकोडचा रकाना : सूचना टॅगमध्येच

हिंगोलीचा पिनकोड ४३१५१३. ऑनलाइन अर्जात हा रकाना नीट चालावा म्हणून एचटीएमएल टॅगमध्ये लिहायचे गुणधर्म :

• टाइप : ‘टेक्स्ट’ ठेवावा, ‘नंबर’ देवनागरी अंक स्वीकारत नाही.
• रिक्वायर्ड : रकाना रिकामा असेल तर अर्ज पुढे जात नाही.
• इनपुटमोड : ‘न्यूमेरिक’ दिल्यास मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड उघडतो.
• मॅक्सलेंग्थ : ६ दिल्यास सातवा अंक टाइप होत नाही.
• पॅटर्न : यात इंग्रजी अंकांसोबत देवनागरी अंकही घालावेत.
• डेटा : या उपसर्गाचे गुणधर्म वाचून बूटस्ट्रॅपसारखी फ्रेमवर्क घटकाचे वर्तन ठरवतात.

सर्व्हरवर पुन्हा तपासणी हवीच. मराठी अंक लिहिले म्हणून कोणाचाही अर्ज अडू नये, ही जबाबदारी फॉर्म बनवणाऱ्याची आहे.