दंड : काठीपासून पावतीपर्यंत

सिग्नल तोडणे, विनातिकीट प्रवास करणे किंवा ग्रंथालयाचे पुस्तक मुदतीनंतर परत करणे अशा प्रसंगी जी रक्कम भरावी लागते, तिला मराठीत दंड म्हणतात आणि आजच्या वापरात हाच या शब्दाचा पहिला अर्थ झाला आहे. संस्कृतात मात्र दंड म्हणजे मुळात काठी, आणि ती ज्याच्या हाती असते त्याची सत्ता. म्हणूनच कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राज्यकारभाराच्या विद्येला दंडनीती असे नाव आहे आणि साम, दाम, दंड, भेद या चार उपायांतील दंड म्हणजे बळाचा वापर होय. दंड फार कठोर असेल तर प्रजा बिथरते, फार सौम्य असेल तर राजाला कोणी जुमानत नाही, म्हणून तो अपराधाच्या मानाने असावा, असे कौटिल्य सांगतो. मनुस्मृतीत समज देणे, निर्भर्त्सना करणे, धन घेणे आणि शरीराला शासन करणे अशा चढत्या पायऱ्या सांगितल्या असून, पैशाचा दंड हा त्यांतील केवळ एक प्रकार आहे.

काठीचा हा अर्थ बोलीतून अजून पुरता गेलेला नाही. खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात म्हणजे दंड, आव्हान देताना थोपटला जातो तोही हाच, काठीसारखे आडवे पडून केलेला नमस्कार तो दंडवत. आणि जुने लुगडे मधोमध विरले की ते फाडून, त्याचे धड काठ एकमेकांना जोडून जी शिवण घालत, तिलाही बायका दंडच म्हणत. शासनव्यवहारातही जुना अर्थ टिकून आहे. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी असतो, पण गुन्ह्याचा खटला चालवून कोणाला तुरुंगात धाडणे हे त्याचे काम नव्हे. शांतता राखण्यासाठी जमावबंदीसारखे आदेश काढणे हे त्याचे काम, म्हणजे त्याच्या पदनामातला दंड कौटिल्याच्या दंडाला अधिक जवळचा आहे.

शिक्षेपासून दंड वेगळा कसा पडला, हे क्रियापदांवरून चटकन दिसते. दंड भरतात, शिक्षा भोगतात. दंड आकारला जातो, शिक्षा सुनावली जाते. ‘ठोठावणे’ मात्र दोघांनाही चालते. कसलाही अपराध नसताना अंगावर आलेल्या खर्चाला भुर्दंड म्हणतात, तर कर थकल्यावर महापालिका जी जादा रक्कम लावते तिचे नाव शास्ती. सोसायटीच्या नोटिशीत ‘विलंब शुल्क’ असा गुळगुळीत शब्द येतो, कारण दंड म्हटले की सभासदाला आपण गुन्हेगार ठरल्यासारखे वाटते. हा संकोच अगदीच अनाठायी नाही. न्यायालयाने केलेला दंड ही कायद्याने शिक्षाच असते, त्यामागे दोषसिद्धी असते आणि तो न भरल्यास कैद भोगावी लागू शकते. सोसायटीच्या विलंब शुल्काला यांपैकी काहीही लागू होत नाही.

प्रत्यक्ष काठीचा मार कायद्यातून तसा उशिराच गेला. 1864 च्या कायद्याने काही गुन्ह्यांसाठी फटक्यांची शिक्षा देता येत असे, ती स्वतंत्र भारतात 1955 साली रद्द झाली. शाळेतील छडीला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. त्यानंतर ‘दंड’ हा शब्द कायद्याच्या शीर्षकातूनही हटला. 1860 सालच्या ज्या कायद्याला मराठी माणूस भारतीय दंड विधान किंवा थोडक्यात ‘भादंवि’ म्हणत आला, त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. नाव सौम्य झाले असले तरी आतला मजकूर तसा झालेला नाही, कारण मृत्युदंड, आजन्म कारावास, कारावास, मालमत्तेची जप्ती आणि द्रव्यदंड या जुन्या शिक्षा नव्या संहितेत कायम असून सामुदायिक सेवेची तेवढी भर पडली आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू असल्याने न्यायालयांच्या निकालपत्रांत ‘भादंवि’ अजून बरीच वर्षे वाचायला मिळेल.