नगरांचा जमाखर्च – लेखांक ७ : पाणीपट्टीच्या भरवशावर काढलेले कर्ज

गेल्या आठवड्याच्या लेखांकात आपण ज्या कर्जाचा विचार केला, त्यात नगरपालिका आपली सारी करवसुली धनकोपुढे तारण ठेवते. परंतु ज्या कर्जात ती केवळ एकाच कामाचे, बहुधा ज्या कामासाठी पैसा उचलला त्याच कामाचे, भावी उत्पन्न लावून देते आणि धनकोही त्यापलीकडे तिच्या तिजोरीवर हक्क सांगणार नाही असे मान्य करतो, त्या कर्जाची जात निराळी आणि गुणदोषही निराळे. यांना आपण उत्पन्नतारण रोखे म्हणू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन नगराने १८९७ साली पाणीपुरवठ्यासाठी काढलेले रोखे त्या देशात या जातीचे पहिले मानले जातात.

जमिनीखाली घातलेली जलवाहिनी तीस-चाळीस वर्षे पाणी वाहते. तिचा सारा खर्च एकदोन वर्षांच्या घरपट्टीतून काढावयाचा म्हणजे आज गावात असलेल्या, कदाचित उद्या गाव सोडून जाणाऱ्या माणसाने पुढल्या पिढीच्या पाण्याचे पैसे भरावयाचे, आणि ज्याच्या दारात अद्याप नळच आलेला नाही त्यानेही भरावयाचे. त्यापेक्षा कर्जाची मुदत वाहिनीच्या आयुष्याला धरून ठेवावी आणि जो पाणी वापरील त्याच्याच पट्टीतून हप्ते फिटावेत, हे मला अधिक न्याय्य वाटते. अमेरिकेत याला कायद्याचीही एक सोय मिळाली: अनेक राज्यांच्या घटनांनी नगरांच्या कर्जावर घातलेली मर्यादा करांवर बोजा टाकणाऱ्या कर्जाला लागते, या रोख्यांना सहसा लागत नाही.

हप्ता थकला म्हणून धनकोला जलवाहिनी उपटून नेता येत नाही. म्हणून त्याची सारी भिस्त करारनाम्यावर आणि तो राबवणाऱ्या विश्वस्तावर, म्हणजे बहुधा एखाद्या बँकेवर, असते. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्यात येऊन हौदाहौदांतून वाटले जाई, हे पुणेकरांना सांगावयास नको. पट्टीच्या पैशाचा प्रवासही तसाच हौदाहौदांचा. पहिला हौद देखभालीचा: पंपांची वीज, तुरटी, क्लोरीन, कामगारांचे पगार. धनको स्वतःच्या व्याजाआधी हा खर्च होऊ देतो, कारण पंप थांबला की पट्टीही थांबली. तो भरला म्हणजे दुसऱ्यात व्याज आणि मुद्दलाचा हप्ता. तिसऱ्यात अडीअडचणीसाठी राखीव निधी. चौथ्यात जुने नळ बदलण्याची तरतूद. आणि एवढे सारे भरून जे सांडेल तेच नगराच्या इतर कामांना मोकळे. समजा, वर्षाची पट्टी १० कोटी आणि देखभाल ५ कोटी. उरलेल्या ५ कोटींतून ४ कोटींचा हप्ता जावयाचा असेल तर हप्त्याच्या सव्वापट रक्कम हाती राहते, आणि ही सव्वापट टिकेल एवढी पट्टी आम्ही सदैव आकारू, असे वचन अशा करारांत नगराकडून लिहून घेतले जाते. माझ्या मते सगळ्या करारनाम्यात या वचनाइतके महत्त्वाचे कलम दुसरे नाही. पट्टी वाढवावी की न वाढवावी, हा प्रश्न त्यामुळे निवडणुकीच्या वर्षावर सोपवता येत नाही.

हे वचन कागदावर असूनही काय घडू शकते, ते अलाबामा राज्यातील जेफर्सन परगण्याने पाहिले. बर्मिंगहॅम शहर याच परगण्यातले. तेथील मैलापाणी कहाबा नदीत आणि ओढ्यांत जात असे. १९९६ साली न्यायालयापुढील तडजोडीने गटारव्यवस्था सुधारण्याचे बंधन परगण्यावर आले, आणि त्यासाठी मैलापट्टीच्या उत्पन्नावर ३०० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज साठले. काम आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. परंतु पट्टी कित्येक पटींनी वाढूनही हप्ते जड झाले, तेव्हा २००२-०३च्या सुमारास स्थिर व्याजाचे बरेचसे कर्ज बदलत्या व्याजाचे करून घेण्यात आले आणि त्याला व्याजाच्या अदलाबदलीचे गहन करार जोडले गेले. २००८ साली रोख्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांची पत घसरली, व्याज एकदम चढले आणि परगणा कोंडीत सापडला. लाचलुचपतीच्या खटल्यांत अधिकारी आणि ठेकेदार तुरुंगात गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये परगण्याने दिवाळे जाहीर केले, आणि १०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेवर धनकोंना पाणी सोडावे लागले. मैलापट्टी मात्र त्यानंतरही चढतीच राहिली, आणि ती भरणाऱ्यांत गरीब कुटुंबे थोडी नव्हती.

आपल्याकडे १९९८ साली अहमदाबादने राज्य सरकारच्या हमीवाचून १०० कोटींचे रोखे पाणीपुरवठा व मलनिःसारणासाठी काढले. तारण होते ते जकातीच्या उत्पन्नाचे. जून २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २,२६४ कोटींच्या संकल्पातील २०० कोटींची पहिली उचल ७.५९ टक्के व्याजाने, १० वर्षांच्या मुदतीने केली, आणि त्या रोख्यांची मुंबई शेअर बाजारात नोंद झाली. येथे वाचकांनी एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. काम पाण्याचे असूनही फेडीसाठी बाजूला काढावयाची ठरली ती मिळकतकराची वसुली. म्हणजे पाणीपट्टीच्या भरवशावर पैसा देण्याइतका विश्वास धनकोला आपल्या नगरांविषयी अद्याप वाटत नाही; आणि जोवर मीटर नाही, किती पाणी दिले व किती गळाले याचा हिशेब नाही, आणि घरगुती पट्टी वापरावर न ठरता मिळकतीच्या मूल्यावर ठरते, तोवर तो वाटावा तरी कसा? त्याच योजनेत मीटर बसवण्याचे काम अंतर्भूत होते, ही गोष्ट म्हणूनच मला त्या २०० कोटींहून मोलाची वाटते.

आपल्या नगराचे अंदाजपत्रक प्रसिद्ध होते तेव्हा त्यातील पाणीपुरवठ्याचे पान प्रत्येक वाचकाने काढून पाहावे, ही माझी विनंती आहे. पट्टीची प्रत्यक्ष वसुली आणि देखभालीचा खर्च हे दोनच आकडे शेजारी शेजारी मांडावेत. पहिला दुसऱ्याहून कमी असेल, तर त्या नगराच्या पाणीपट्टीपाशी तारण ठेवण्यासारखे काहीच नाही, आणि त्याने रोखे काढलेच तर ते आपल्या घरपट्टीवरच फिटावयाचे आहेत. पुढील लेखांकात तामिळनाडूतील लहान नगरांनी एकत्र येऊन काढलेल्या कर्जाचा विचार करू.