पाइपवाला रॉबर्ट

आमच्या फिल्म क्लबात पारलिंगी माणसांवरची डॉक्युमेंटरी लावायची म्हटलं, की मी केट डेव्हिसची ‘सदर्न कम्फर्ट’ पुढे करतो. २००१ साली सनडान्स महोत्सवात तिने माहितीपटांचं ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावलं. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या ग्रामीण भागातला रॉबर्ट ईड्स तिचा नायक. दाढी, काऊबॉय हॅट, तोंडात पाइप. जन्माने मुलगी ठरलेला, दोन मुलांना जन्म दिलेला, पुढे पुरुष म्हणून जगलेला. त्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला आणि वीसहून जास्त डॉक्टरांनी हात वर केले. पेशंट पाहून इतर बायका बिचकतील, ही सबब! (कॅन्सर काही दाढी बघून येत नाही.)

कॅमेरा मात्र दवाखान्यापेक्षा रॉबर्टच्या घरात रमतो. मित्रांची थट्टामस्करी चालते. त्यात लोला, स्वतः पारलिंगी स्त्री. तिच्यावर हा उतारवयात जीव लावून बसलेला. अटलांटातल्या पारलिंगींच्या वार्षिक संमेलनाला एकदा शेवटचं जायचं, एवढीच त्याची ओढ. तो जातो, बोलतोही. १९९९च्या जानेवारीत तो गेला.

शो संपल्यावर हमखास पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशनचा. त्या डॉक्टरांबद्दल फारसं कुणी विचारत नाही, म्हणून हल्ली तो विषय मीच काढतो.