पिंपळे गुरवचे डायनासोर आणि पोलादपूरच्या कोंबड्या

महाडच्या औद्योगिक वसाहतीत बिऱ्हाड थाटलेल्यांची सहल म्हणजे एक तर रायगड, नाही तर सवचे गरम पाण्याचे झरे. दोन्ही आम्हाला तोंडपाठ! तेव्हा गेल्या थंडीत धाकटीने जाहीर केले, "मला डायनासोर बघायचेत." मग पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानाचा बेत ठरला. लोक त्याला सरळ डायनासोर गार्डनच म्हणतात.

हट्टामागे नुसती हौस नव्हती. 2021 च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. तेव्हापासून पाऊस जोराचा आला की ती माझा पदर सोडत नाही. डायनासोरांचे पुस्तक हाती पडल्यापासून तर एकच प्रश्न : "आई, एवढे मोठे होते, तरी सगळेच्या सगळे कसे गं मेले?"

भल्या पहाटे बिरवाडी मागे टाकून आम्ही वरंध घाट चढू लागलो. वाघजाईपाशी थांबून भजी खायची, ही सासूबाईंची अट. नोकरी रसायनांच्या कारखान्यात असली, तरी आमच्या घरधन्यांना वेड दगडांचे. हातातल्या भज्याने समोरचा कडा दाखवीत ते म्हणाले, "ते आडवे पट्टे दिसतात ना? एकेक पट्टा म्हणजे तापलेल्या लाव्हारसाचा एकेक लोंढा. एक थिजला की त्यावर दुसरा. जिन्यासारखे दिसतात म्हणून स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून या खडकाला 'ट्रॅप' नाव पडले."

हे सारे घडले सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमारास. त्याच काळात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष त्याच्याच पदरी घालतात; आपल्या सह्याद्रीच्या आगीचा त्यात वाटा किती, यावर अजून वाद चालतो.

"मग आपल्या महाडला हाडं सापडतील?" थोरल्याने विचारले. तर नाही. उकळत्या लाव्हात हाडे कुठली टिकायला! ती सापडतात जुन्या गाळाच्या थरांत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला हाडे तर मिळालीच, शिवाय डायनासोरांचे दगड झालेले शेणही मिळाले. त्या शेणात गवताचे सूक्ष्म अंश सापडल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले, आणि डायनासोरांच्या काळी गवत होते हे जगाला नव्याने कळले. सासूबाईंनी भजी खाली ठेवली. "खाताना शेणाच्या गोष्टी नकोत," म्हणाल्या. थोरला मात्र त्या दिवसापासून पिसदुऱ्याला जायचे म्हणून मागे लागला आहे.

भोरवरून पुण्याला आणि तिथून पिंपळे गुरवला पोचेतो ऊन चढले होते. बागेत शिरताच मुले धावली. धाकटी मात्र एका पुतळ्याच्या पायापाशी जाऊन थबकली. तिने त्याला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न.

खोटे सांगायचे नव्हते, आणि खरे सांगायची भीती वाटत होती. हेच पुढे झाले. तिच्याजवळ उकिडवे बसून म्हणाले, "सगळे नाही मेले, बाळ. पिसंवाल्या लहानग्या डायनासोरांची एक शाखा तगली. तिचे वंशज म्हणजे आजचे पक्षी. चिमणी, कावळा, कोंबडी, सगळे."

"आजीच्या कोंबड्यासुद्धा?"

"त्यासुद्धा."

सासूबाईंच्या पोलादपूरच्या परसात आठ कोंबड्या आहेत. त्यांनी हे ऐकले आणि मान डोलावली. "तरीच! मेल्या मिरचीचं एक रोप धड ठेवत नाहीत."

यंदाच्या आषाढात आम्ही पोलादपूरला असताना एका रात्री पावसाने कहर केला. वीज गेली. धाकटी अंथरुणात नाही हे पाहून माझा जीव उडाला. पाहते तो मागच्या पडवीत, डोक्यावर आजीचे इरले, हातात बॅटरी, खुराड्याच्या फटीतून ती मोजीत होती. आठ भरल्या. मग आत आली, पाय पुसले, आणि माझ्या पदराकडे न बघता झोपून गेली.