विश्लेषण : कागदाचा लगदा टोपलीला चालतो, मग विसर्जनाच्या मूर्तीला का नाही?

रद्दी भिजवायची, मेथीबरोबर वाटायची आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करायची, हे काम मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बायकांना नवे नाही. तेच आता ‘पेपर मॅशे’ या नावाने मोबाइलवरच्या व्हिडीओंतून पुन्हा घरी येत आहे. परभणीच्या कडक उन्हात ते सोपेही आहे. मात्र लगद्याची कोणती वस्तू करावी आणि कोणती टाळावी, हे आधी समजून घ्यायला हवे.

लगदा कसा तयार करावा?

वर्तमानपत्र, जुन्या वह्या किंवा पुठ्ठा यांचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवावेत. पाणी रोज बदलावे, नाहीतर वास येतो. गुळगुळीत, चकचकीत कागद टाळावा. त्यावरच्या लेपामुळे लगदा नीट मिळून येत नाही. भिजलेला कागद पिळून उखळात कुटावा किंवा मिक्सरमध्ये वाटावा. एक किलो रद्दीला पाव किलो भिजवून वाटलेली मेथी, हे कामचलाऊ प्रमाण आहे. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड दूर राहते, असा अनुभव आहे. मेथीऐवजी चिंचोक्याची खळही चालते. त्यासाठी चिंचोके भाजून, साल काढून दळावेत आणि ते पीठ पाण्यात दाट होईपर्यंत शिजवावे.

टोपली तडकते का?

पातेले किंवा घमेले पालथे घालून त्यावर ओले फडके पसरावे आणि अर्ध्या बोटाच्या जाडीचा थर सारखा थापावा. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात ओली टोपली थेट ठेवली तर वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि भेग पडते. म्हणून पहिला दिवस सावलीत, नंतर उन्हात ठेवावी. कडा सुटल्या की साच्यावरून काढून आतली बाजू वाळवावी. पूर्ण वाळल्यावर गेरू आणि खडूने रंगवता येते. पावसाळ्यात मात्र लगदा लवकर वाळत नाही आणि बुरशी धरतो.

त्यात खाण्याचे पदार्थ ठेवावेत का?

पूर्वी अशा टोपल्यांत धान्यही ठेवत. पण छपाईच्या शाईत घातक घटक असू शकतात. त्यामुळेच भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार अन्न ठेवण्यासाठी किंवा गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास मनाई आहे. तेव्हा या टोपलीत भाकरी, पीठ ठेवू नये. सुई-दोरा, किल्ल्या, खेळणी, लोकर यांसाठी ती उत्तम.

मग गणपतीची मूर्ती का नको?

प्लास्टर ऑफ पॅरिसला पर्याय म्हणून राज्य सरकारने २०११ मध्ये कागदी लगद्याच्या मूर्तींना प्रोत्साहन दिले होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्याला स्थगिती दिली. कारण समजण्यासारखे आहे. लगदा पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक तंतू सुटे होऊन पसरतात. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि माशांना तो कमी पडतो. शिवाय शाई आणि रंग पाण्यात उतरतात. गंगाखेडला गोदावरीचा काठ आहे. पूर्णा आणि दुधना याही जिल्ह्यातल्याच नद्या. साचलेल्या, संथ पाण्यात हा परिणाम अधिक जाणवतो.

घरी मूर्ती करायचीच असेल तर न रंगवलेली शाडूची करावी आणि बादलीत विसर्जित करावी. तळाशी बसलेली माती वाळवून पुढच्या वर्षी वापरता येते. लगद्याची मूर्ती केलीच तर ती शोभेसाठी घरात ठेवावी, पाण्यात सोडू नये.

टोपली तुटली तर?

टाकू नये. न रंगवलेली असेल तर तुकडे भिजवून, कुटून, थोडी नवी खळ घालून त्याच लगद्याची दुसरी टोपली होते.